पंचवीसची बाजू

मी प्रोस्टेट कॅन्सरच्या एका क्लिनिकल ट्रायलमध्ये आहे, आणि त्यातही जुन्या, नेहमीच्या उपचारांच्या बाजूला. हे ऐकलं की लोक हमखास विचारतात, "मग नवीन काय दिलं?" नवीन काहीच दिलं नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. माझाही उतरला होता. म्हणूनच त्या बाजूबद्दल लिहावंसं वाटलं. रुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही. अभ्यास अजून चालू आहे, आणि मी सांगतोय ते एका पेशंटचं आहे, त्यांच्या वतीने नाही.

आधीचं थोडक्यात. मी भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झालो. रात्रीचं उठणं वाढलं, लघवीची धार बारीक झाली, तेव्हा कराडच्या युरॉलॉजिस्टनी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, करायला सांगितला. तो आला ३८. रिपोर्टवर शेजारीच चारच्या आतली मर्यादा छापलेली होती. मग बायोप्सी झाली. त्यात कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा ग्लीसन स्कोअर ४ अधिक ४, म्हणजे आठ. पुण्याला पीएसएमए पेट स्कॅन झाला, कॅन्सर कुठे पसरलाय का ते पाहायला. हाडं स्वच्छ निघाली, ओटीपोटातल्या लसिका गाठीही स्वच्छ. पण पीएसए आणि ग्लीसन दोन्ही मिळून मी 'हाय रिस्क'च्या रकान्यात बसलो. डॉक्टर म्हणाले, "हार्मोनचं इंजेक्शन आणि शेक, म्हणजे रेडिएशन. मुंबईला जा, तिथे व्यवस्थित होईल."

नवी मुंबईत भाच्याकडे कळंबोलीला राहायची सोय होती. रुग्णालयात पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी फाइल वाचली, तपासलं, आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "काका, आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. तुम्ही त्यात बसू शकता. आज उत्तर द्यायचं नाही. कागद घरी न्या."

अभ्यासाचा प्रश्न साधा होता. एका बाजूला पाच आठवड्यांत २५ वेळा शेक, दर खेपेला २.७२ ग्रे (हे किरणांच्या डोसाचं माप), एकूण ६८. दुसऱ्या बाजूला फक्त पाच वेळा, एक दिवसाआड, दर खेपेला ७.२५ ग्रे, एकूण ३६.२५. पाचचा उपचार २५ इतकाच चांगला निघतो का, आणि त्रास जास्त होत नाही ना, हे पाहायचं. मी सवयीने बेरीज केली आणि विचारलं, "पाचवाल्यांना डोस निम्माच मिळतो मग?" त्या हसल्या. शेकाचे आकडे असे सरळ मिळवता येत नाहीत म्हणाल्या. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशी हळू वाढतात, आणि पुष्कळ लहान डोसांपेक्षा थोडे पण मोठे डोस त्यांच्यावर जास्त परिणाम करतात. त्यामुळे एकूण आकडा कमी दिसला तरी मारा कमी नसतो.

पाच खेपांचा उपचार त्यांनी हवेतून आणलेला नव्हता. ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडातल्या पेस-बी या अभ्यासात ८७४ पुरुष होते. त्यात पाच खेपा घेतलेल्यांचे पाच वर्षांनंतरचे निकाल नेहमीच्या शेकाच्या तोडीचे निघाले. पण त्यात कमी आणि मध्यम धोक्याचेच पेशंट घेतले होते. माझ्यासारखे त्यात नव्हते. स्वीडन-डेन्मार्कच्या १२०० जणांच्या अभ्यासात सात खेपांचा उपचार ३९ खेपांच्या बरोबरीचा ठरला, पण तिथेही जास्त धोक्याचे पेशंट थोडेच. आमच्यासारख्या जास्त धोक्याच्या पेशंटांचा प्रश्न मोकळाच होता.

माझी बायको शेजारी बसली होती. तिने एवढंच विचारलं, "पण मॅडम, तुम्हाला काय वाटतं? कुठलं चांगलं?"

"मला माहीत नाही, काकू. माहीत असतं तर मला हा अभ्यास करताच आला नसता. चांगलं आहे ते सोडून दुसरं द्यायचं, हे कुठलीही एथिक्स कमिटी करू देणार नाही."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "एवढ्या मोठ्या डॉक्टर, आणि त्यांना माहीत नाही?" पुढचे कितीतरी दिवस ती तिथेच अडकून होती. मला मात्र त्या "माहीत नाही"ने धीर आला. नोकरीत मी असे साहेब पाहिलेत की ज्यांना कधीच काही माहीत नसायचं, पण ते तसं बोलत नसत.

माहितीपत्रक मराठीत होतं. मराठी कसलं, आमच्या खात्याचंच मराठी: 'सदर अभ्यासातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता बाहेर पडू शकता.' लोक अशा भाषेला घाबरतात. मी तिच्यावर उभा जन्म काढलाय. पेन्सिल घेऊन बसलो आणि जिथे आकडा किंवा 'तथापि' होतं तिथे खूण केली. बाहेर पडलो तरी नेहमीचे उपचार चालूच राहतील, असं एका ठिकाणी होतं. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा, हे दुसऱ्या ठिकाणी. आणि शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांचा फोन नंबर. मी त्या नंबरवर फोन केला. लागतो का ते पाहायचं होतं. लागला.

मुलगा पुण्याला कंपनीत आहे. त्याने सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या साइटवर अभ्यास शोधून काढला. भारतातल्या ट्रायलची नोंद तिथे करणं २००९ पासून सक्तीचं आहे आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. किती पेशंट घेणार, कुणाला घेणार नाही, काय मोजणार, पैसा कुणाचा, सगळं होतं. आमच्या कागदातलं आणि तिथलं त्याने ताडून पाहिलं. जुळलं.

जुळेना ते घरात. मेहुणे आले आणि खुर्चीवर टेकायच्या आत म्हणाले, "दाजी, तुम्हाला उंदीर करणार ते." त्यांचं बोलणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. इंदूरच्या ट्रायल्सच्या बातम्या आम्ही सगळ्यांनी वाचल्या होत्या. संमती धड न घेता पेशंटवर औषधं वापरल्याचे आरोप होते, आणि तिथल्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यानंतर नियम आवळले गेले, २०१९ मध्ये औषधांच्या ट्रायलसाठी नवे नियमच आले. मी मेहुण्यांना एवढंच म्हणालो की माझ्या ट्रायलमध्ये नवीन औषध नाही, मशीन तेच, किरण तेच, वाटणी वेगळी. त्यांना पटलं नाही. पटवण्याच्या भानगडीत मीही पडलो नाही, कारण सही माझी होती.

खरं सांगायचं तर सही करताना माझ्या मनात पाचच होते. पाच खेपा, म्हणजे दीड आठवड्यात घरी. शेतात ऊस उभा होता, बायकोचे गुडघे दुखत होते, भाच्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं. कोण मुद्दाम पंचवीस मागेल?

आर्म, म्हणजे कोण कुठल्या बाजूला, हे चिठ्ठी टाकल्यासारखं संगणकाने ठरवण्याला ते रॅन्डमायझेशन म्हणतात. कोऑर्डिनेटर म्हणून एक तरुण मुलगी होती, मला काका म्हणायची. तिने संगणकात माझी माहिती भरली: वय, पीएसए, ग्लीसन, मधुमेह नाही. बटण दाबलं. पडद्यावर आलं ते तिने मला वळवून दाखवलं. पंचवीस.

"बदलता येतं का?" मी विचारलं.

"नाही काका. मीही बदलू शकत नाही, मॅडमही नाही. बदलता आलं असतं तर तब्येतीने चांगले पेशंट सगळ्यांनी पाचकडे ढकलले असते, आणि मग पाच चांगलं दिसलं असतं."

तिचं म्हणणं कळलं, तरी मनातून जात नव्हतं. मी सरळ डॉक्टरांकडे गेलो आणि विचारलं की ट्रायल सोडून, पैसे भरून पाच घेता येतील का. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, सोडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण हाय रिस्कमध्ये पाच खेपा नेहमीचा उपचार म्हणून मी देत नाही, तुम्ही बाहेर पडलात तरी मी पंचवीसच देईन. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पॉप-आरटी नावाच्या एका जुन्या अभ्यासाची गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून माझं डोकं वेगळं चालायला लागलं.

प्रोस्टेटला शेक देताना फक्त प्रोस्टेटलाच द्यायचा, की ओटीपोटातल्या लसिका गाठींनाही द्यायचा, जरी त्या स्कॅनमध्ये स्वच्छ दिसत असल्या तरी? यावर जगभर वर्षानुवर्षं वाद होता. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०११ ते २०१७ या काळात माझ्यासारखेच, जास्त धोका पण गाठी स्वच्छ असलेले, २२४ पेशंट घेतले. साधारण निम्म्यांना फक्त प्रोस्टेटला, निम्म्यांना प्रोस्टेट आणि गाठींना. पाच वर्षांनी पाहिलं तर गाठींनाही शेक मिळालेल्यांपैकी ९५ टक्के लोकांचा पीएसए पुन्हा वर गेलेला नव्हता. फक्त प्रोस्टेटवाल्यांत तोच आकडा ८१.२ टक्के. गाठीवाल्यांना लघवीचा उशिराने होणारा त्रास मात्र जास्त झाला, २० टक्क्यांच्या आसपास, दुसरीकडे नऊच्या. एकूण किती जगले यात तोवर फरक दिसला नव्हता. २०२१ मध्ये हे छापून आलं.

"तुमच्या गाठींना मी शेक देणार आहे, तो त्या अभ्यासामुळे," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात फक्त प्रोस्टेटच्या बाजूला जे होते, तेही तुमच्यासारखेच बसले होते समोर."

मी त्या माणसांचा पुष्कळ विचार केला. शंभराच्या वर पुरुष. त्यांना तेव्हाचा योग्य उपचारच मिळाला होता, कुणी फसवलं नव्हतं, तेव्हा कुणालाच उत्तर माहीत नव्हतं. पण त्यांचा पीएसए कधी वर गेला ते कुणी नेमाने लिहून ठेवलं नसतं, तर दुसऱ्या बाजूच्या ९५ ला काहीच अर्थ नव्हता. मोजणीत कायम खूण पक्की नसेल तर नवीन हद्द कुठून धरणार? मी पंचवीसलाच राहिलो. आनंदाने, असं म्हणणार नाही.

मग तयारी. आधी हार्मोनचं इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं. पुरुषी हार्मोन बंद पाडलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आकसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मला त्याचा पत्ता लागला तो अंगातून येणाऱ्या वाफांवरून. थंडीत पंखा लावून, घामाने भिजून बसलो होतो. बायको दारात उभी राहून बघत होती. "आता कळलं का?" एवढंच म्हणाली, आणि टॉवेल दिला. तिची ती वर्षं गेली तेव्हा मी टॉवेल दिल्याचं मला आठवत नाही.

प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनला पोटावर आणि दोन्ही कुशींवर सुईने शाईचे बारीक ठिपके टोचतात, रोज मशीनवर त्याच जागी झोपवता यावं म्हणून. तीळ वाटावेत एवढेच, पण पुसत नाहीत. लेसरच्या हिरव्या रेघा त्या ठिपक्यांवर आणताना ती मुलं अर्धा-अर्धा मिलिमीटर सरकवायची. त्यांचं काम बघताना मला बरं वाटायचं.

आता मुख्य गोष्ट, जी कुठल्याही माहितीपत्रकात नीट लिहिलेली नसते: मूत्राशय. शेकाच्या वेळी ते भरलेलं हवं, म्हणजे आतडी वर ढकलली जातात आणि मूत्राशयाचाही बराचसा भाग किरणांच्या वाटेतून बाजूला राहतो. आणि गुदाशय रिकामं हवं. म्हणून आधी लघवी करून यायची, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं, मग पाऊण तास थांबायचं. बाहेर बाकावर साठी-सत्तरीचे आम्ही पाच-सात जण, हातात बाटल्या, डोळे घड्याळाकडे. प्रोस्टेटच्या माणसाला लघवी रोखायला सांगणं हा काय विनोद आहे ते तिथे बसल्याशिवाय कळणार नाही. मध्येच मशीन बंद पडलं की हाहाकार. एक गुजराती काका उठून भिंतीला तोंड करून येरझाऱ्या घालायचे आणि कुणी बोललं की हात वर करायचे, आत्ता बोलू नका म्हणून.

मशीनवर झोपवल्यावर रोज आधी छोटा स्कॅन होतो. त्यात गॅस दिसला की खाली उतरवतात. "काका, फिरून या." मग कॉरिडॉरमध्ये फेऱ्या. माझ्या जेवणातून पावटा, हरभरा, कोबी गेलं. सातारच्या माणसाला पावट्याची आमटी बंद, बाकीचं सगळं सोसलं मी. शेक स्वतः काही जाणवत नाही. मशीन भोवती फिरतं, गुणगुणतं, संपतं.

तिसऱ्या आठवड्यापासून लघवीला जळजळ सुरू झाली, पोट बिघडलं, दुपारी अंग गळून जायचं. कोऑर्डिनेटर दर आठवड्याला विचारायची आणि त्रासाला ग्रेड द्यायची. जळजळ ग्रेड एक. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की तीच जळजळ ग्रेड दोन. मला गंमत वाटली. म्हटलं, गोळी घेऊन मला बरं वाटतंय आणि तुझ्या कागदावर मी बिघडलो. ती म्हणाली, नियम आहे काका, दोन्ही बाजूंना सारखाच.

आणि प्रश्नावल्या. जीवनमानाचा एक ३० प्रश्नांचा फॉर्म सगळ्या कॅन्सरवाल्यांना असतो, त्याच्यामागे प्रोस्टेटचा वेगळा २५ प्रश्नांचा. अजिबात नाही, थोडेसे, बरेच, खूप, यातल्या एकावर गोल करायचा. लघवी, शौच, झोप, काळजी इथवर ठीक. मग लैंगिक संबंधांबद्दलचे प्रश्न येतात. माझ्या मुलीच्या वयाची ती पोरगी समोर, मी फॉर्मकडे, ती खिडकीकडे. "हे तुम्ही स्वतः भरा काका, मी चहा घेऊन येते," म्हणाली आणि खरंच गेली. शेजारचे एक जण सगळे प्रश्न रिकामे सोडून बसले होते. मी भरले, खरे ते भरले. हार्मोन घेणाऱ्या माणसाचं त्या बाबतीत काय होतं ते कुणीतरी लिहिल्याशिवाय पुढच्याला आधी कोण सांगणार? मला तरी कुणी सांगितलं नव्हतं, वाफांचं सांगितलं तेवढंच.

पाचच्या बाजूचे जळगावचे एक गृहस्थ भेटले होते. मी बाटली घेऊन बाकावर बसायला शिकेपर्यंत ते संपवून निघूनही गेले. तेव्हा हेवा वाटला. नंतर तपासणीला पुन्हा भेटले, म्हणाले की जळजळ त्यांना घरी पोहोचल्यावर जोरात सुरू झाली आणि गावात विचारायला कुणी नव्हतं, फोनवरच भागवावं लागलं. मला निदान रोज कुणीतरी विचारणारं होतं. यावरून काही ठरत नाही. दोन माणसांवरून ठरत असतं तर एवढे शेकडो लोक कशाला लागले असते?

खर्चाचं विचारतात म्हणून: शेकाचं आणि इंजेक्शनचं बिल नेहमीसारखं मीच भरलं. अभ्यासासाठी म्हणून ज्या जादा तपासण्या होत्या त्या फुकट. ट्रायल म्हणजे सगळं मोफत असं धरून येणाऱ्यांनी हे कागदात नीट बघावं, प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

शेक संपला तरी ट्रायल संपली नाही. आधी तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी पीएसए, तपासणी आणि तेच फॉर्म. माझा पीएसए ०.०२ च्या खाली आहे. हार्मोन चालू असताना तो खालीच राहतो, खरी परीक्षा इंजेक्शन थांबल्यावर, हे डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. कुठली बाजू बरोबर ठरते ते कळायला अजून काही वर्षं जातील. मेहुणे अधूनमधून विचारतात, "लागला का निकाल?"

मध्यंतरी कोरेगावच्या एका ओळखीच्याचा फोन आला. त्यांचाही पीएसए वाढलेला, माझ्याबद्दल ऐकलेलं, "मला त्या ट्रायलमध्ये घाला, पाचमध्ये." पाचमध्ये कुणालाच घालता येत नाही, हे सांगितलं. ते मुंबईला गेले. स्कॅनमध्ये कण्यात आणि कमरेच्या हाडांत ठिपके निघाले, त्यामुळे ते आमच्या अभ्यासात बसलेच नाहीत. मला नापास केलं म्हणून फार हिरमुसले. त्यांना इंजेक्शन आणि अॅबिराटेरोनच्या गोळ्या चालू झाल्या, रोज चार, उपाशीपोटी, सोबत स्टिरॉइडची एक. हार्मोनच्या इंजेक्शनला या गोळीची जोड सुरुवातीपासून दिली तर माणसं जास्त जगतात, हे स्टॅम्पीड नावाच्या ब्रिटिश ट्रायलने २०१७ मध्ये १९१७ पुरुषांवरून दाखवलं. त्यातल्या निम्म्यांना ती गोळी मिळालेली नव्हती. फोनवर मी हे त्यांना सांगायला गेलो, पण त्यांना त्यात रस नव्हता. गोळ्या पहाटे घेतल्या तर चहा किती वाजता चालेल, एवढंच त्यांना हवं होतं. एक तास थांबा म्हटलं, आणि बाकी डॉक्टरांना विचारा.